पांढरा कागद, चावलेला नान

इस्तंबूल, १२ मे २००७

थोरल्या जाऊबाईंना धाकट्या जीपारचा सलाम.

सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम असेल. भावजींच्या मेंढ्या आता वर कुरणात चढल्या असतील. माझ्या मेरीमचं मी विचारत नाही, तुम्ही लिहाल तेवढं वाचते.

बातमी वाईट आहे, पण घाबरू नका. माझा पासपोर्ट गेला. मागच्या गुरुवारी मी सांभाळते त्या म्हातारीची, नेरीमान हानमची, औषधं घेऊन कादिकोयहून बोटीनं परत येत होते. गर्दीत पिशवी कुणी ओढली ते कळलंच नाही. पोलिसांकडून तसा कागद करून घेतला आणि आपल्या वकिलातीत गेले.

तिथे चष्मेवाला एक कारकून बसतो, ओशकडचा. तो म्हणाला, “ताई, खिडक्या दोन. डावीकडे नवा पासपोर्ट. अर्ज, फोटो, पोलिसांचा कागद, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला. फाइल राजधानीत, बिश्केकला जाते, दोन-तीन महिने धरा. उजवीकडे परतीचा दाखला. पांढरा कागद, आठवड्यात हातात. त्यावर फक्त घरी जाता येतं आणि तेही एकदाच. विमानातून उतरलात की कागद जमा. तुमची इथली मुदत कधीच उलटलीय, त्यामुळे पुढची काही वर्षं परत यायचं नाव काढायचं नाही.”

मी विचारलं, “यातलं माझ्यासाठी बरं कुठलं?”

तर म्हणतो, “सरकार पर्याय देतं ताई, सल्ला देत नाही.”

तेव्हा सासूबाईंना विचारा. हे घाटात ट्रकखाली गेले त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर सासूबाईंच्या शब्दावर मी उंबरा ओलांडला, त्यांच्या शब्दाशिवाय परत आत येणार नाही. त्या ‘ये’ म्हणाल्या तर उजवी खिडकी. ‘राहा’ म्हणाल्या तर डावी, मग माझे दाखले पाठवा. लाल पेटीत तळाशी, माझ्या लग्नाच्या रुमालात आहेत.

पिशवी गेली त्याच्या आदल्या दिवशी आपल्या गावच्या दुकानातल्या फोनवर मेरीमशी बोलले. म्हणजे तिनं फोन उचलला. ते राहू दे.

या खोक्यात मेरीमसाठी लाल बूट आणि एक चिठ्ठी आहे. कुणी पाठवले तेवढं तिला सांगा.

तुमची जीपार


आत-बाशी, २ जून

जीपार,

तुझं पत्र मालाच्या गाडीबरोबर पोचलं. बाई, तुला झालंय तरी काय? इथे असताना चार बोटांची सुई गवतात पडली तरी शोधून काढायचीस, आणि तिथे भरल्या बोटीत पिशवी गेली ते कळलं नाही? इस्तंबूलचं पाणी लागलं म्हणायचं.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे तिला तिथेच, नवा पासपोर्ट घेऊ दे. आणि मलाही तेच वाटतं. त्या पांढऱ्या कागदाच्या नादी लागू नकोस. एकदा इथे आलीस की बसलीस, मग काय माझ्याबरोबर शेण थापणार आहेस? घराचं नवं छप्पर, सासूबाईंची औषधं, सगळं तुझ्याच जिवावर आहे, हे मी कुणासमोर नाकारलेलं नाही.

दोन्ही दाखले सोबत आहेत. तुझं पत्र सकाळी आलं, त्याच दुपारी मी पेटी उपसली. कुणी म्हणायला नको की बुरुलनं अडवलं.

मेरीम बरी आहे. वरचा पुढचा दात पडला. बोबडं बोलते आणि स्वतःच हसत सुटते. एक सप्टेंबरला शाळेत जायचं, म्हणून आतापासून रोज सकाळी वही काखेत मारून फाटकापर्यंत जाते नि परत येते. मी तिच्यासाठी पांढऱ्या रिबिनी आणल्या आहेत, रुंद, चांगल्या फुलांसारख्या बांधता येतील अशा.

जाताना तू चावून ठेवलेला नान दाराशी खिळ्याला टांगलाय तसाच आहे. कापड दोनदा धुतलं. माणूस परत येईपर्यंत नानाला हात लावायचा नाही हे मला कळतं, तू नको काळजी करूस.

बूट मिळाले. बसले पायात.

बुरुल


इस्तंबूल, १९ जून

जाऊबाई,

कागद मिळाले. इतक्या तातडीनं! माझ्या लग्नात रुखवताचं खोकं शोधायला तुम्हाला तीन दिवस लागले होते.

पण काम झालं नाही. कारकून म्हणतो, जन्माचा दाखला जुन्या राजवटीतला आहे, शिक्का पुसट आहे, नारीनच्या जिल्हा कचेरीतून नवी प्रत आणा. मी म्हटलं, बाबा, माणूस तोच आहे ना? तो म्हणाला, माणसाचं आम्ही काय बघायचं, शिक्का बघायचा. आता तुम्हाला हेलपाटा. माफ करा.

दात पडला ते वाचलं. मग तो चरबीत गुंडाळून कुत्र्याला कुणी घातला? ‘कुत्र्याचा दात मला, माझा तुला’ हे कुणी म्हटलं? कुत्रा कोणता, आपला काळा की शेजाऱ्यांचा? हे सगळं तुम्ही एका ओळीत संपवलंत. मी इथे एका परक्या म्हातारीची कवळी रोज पाण्यात घालते, आणि माझ्या पोरीचा पहिला दात तुमच्या हातात पडला. जळते मी जाऊबाई. आता लिहूनच टाकते, तोंडावर कधी म्हटलं नसतं.

आणि रिबिनी मी पाठवणार होते. इथे बाजारात चंदेरी काठाच्या मिळतात. बघून ठेवल्या होत्या.

बूट ‘बसले पायात’ म्हणता. कुणी पाठवले ते सांगितलंत का?

जीपार


आत-बाशी, ८ जुलै

जीपार,

नवी प्रत सोबत आहे. नारीनला दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी खिडकी बंद, दुसऱ्या दिवशी बाई जेवायला. उन्हात उभी राहून माझ्या डोक्याची कढई झाली. शिक्का असा निळाशार मारून घेतलाय की तुझ्या त्या चष्मेवाल्यानं चष्मा काढून बघितला तरी दिसेल.

कुत्रा काळा. चरबी मेंढीच्या शेपटीची. शब्द मी म्हटले. झालं समाधान? अगं, तू तिथून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे दात पडला तेव्हा रक्त बघून पोरगी किंचाळत माझ्या मांडीवर येऊन पडली, तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? थांब, इस्तंबूलला विचारते?

जळतेस म्हणतेस. मग माझंही ऐक. मी या घरात सून होऊन आले तेव्हा तू शाळेत दप्तर आपटत होतीस. चौदा वर्षं झाली. नारीनचे डॉक्टर झाले, दर्ग्याच्या झाडाला चिंध्या बांधून झाल्या, सासूबाईंची आडून आडून बोलणी ऐकून झाली. आणि तू आलीस, कानामागून आलीस आणि तिखट झालीस. वर्षाच्या आत पाळणा हलला. बारशाच्या मेजवानीला दोनशे माणसांचा पुलाव मी ढवळला. सगळ्या बायका तुझ्याकडे बघून हसत होत्या आणि माझ्याकडे बघून उसासे टाकत होत्या. तेव्हा मी काही लिहून कळवलं नव्हतं कुणाला.

गेल्या महिन्यात तिला ताप आला होता. तुला कळवलं नाही, उगीच घोर लागला असता. तीन दिवस माझ्या कुशीत होती. आता बरी आहे.

बुटांचं विचारतेस. घालून मिरवते. कुणी विचारलं की सांगते, आईनं आणले.

दाखला लगेच दे त्या खिडकीत. उशीर करू नकोस.

बुरुल


इस्तंबूल, २० जुलै

जाऊबाई,

ताप आला आणि मला कळवलं नाही. ‘उगीच घोर लागला असता’! माझ्या मुलीच्या तापाचा घोर हा माझा आहे, तो तरी मला ठेवा.

‘आईनं आणले.’ मी हे वाक्य बोटीत बसून किती वेळा वाचलं. कोणत्या आईनं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी विचारणारही नाही.

वकिलातीत जाऊन आले. नवी प्रत चालली नाही. आता म्हणतात बिश्केकहून ओळख पटवून यायला आणखी तीन महिने, कदाचित चार. नेरीमान हानमचा मुलगा म्हणतो, कागद नसलेली बाई घरात ठेवणं बरं नाही, पोलीस विचारतात. मला वाटतं, उजवी खिडकीच नशिबात आहे. पांढरा कागद घेते. सासूबाईंना एकदा परत विचारा, आणि या वेळी त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडचे लिहा.

जीपार


आत-बाशी, ३ ऑगस्ट

जीपार,

हे पत्र बिश्केकहून इस्तंबूलला जाणाऱ्या साइराकानच्या भाचीच्या हाती पाठवते आहे, म्हणजे लवकर मिळेल. साइराकान कोण विसरलीस का? पाणचक्कीजवळची, मोठ्या आवाजाची. तीही चार वर्षं तिकडे होती. परवा घरी आली. तिचाही पासपोर्ट हरवला होता, यंदाच, मार्चमध्ये. चहा पिता पिता सगळं सांगितलं तिनं. तीच वकिलात, तोच चष्मेवाला, डावी खिडकी. जन्माचा दाखला तिचाही जुन्याच राजवटीतला, आणि त्यावर तर माशा बसून बसून शिक्क्याचा पत्ताच नाही. कुणी हूं की चूं केलं नाही. दोन महिने आणि पाच दिवसांत पासपोर्ट हातात.

मी हातातली वाटी खाली ठेवली. म्हटलं, बुरुल, तू ठार वेडी आहेस. ही पोरगी तुझ्याशी खेळतेय.

रागानं माझं डोकं फिरलं. नारीनच्या उन्हात मी दोन दिवस कशासाठी उभी होते? साइराकान गेल्यावर दाराशी आले, खिळ्यावरचं कापड ओढलं, म्हटलं हा नान आज गाईला घालते, परत येणाराच माणूस खोटा असेल तर नान कशाला राखायचा. खरंच घालणार होते. पाप लागलं असतं तर लागलं असतं.

कापड सोडलं आणि बघते तर काय. तुझा चावा एका बाजूला, अर्ध्या चंद्रासारखा, तुझ्या मोठ्या दातांचा. आणि दुसऱ्या बाजूला एक छोटा. ताजा. दगडासारख्या नानाला उंदरासारखं कुरतडलेलं, आणि मधोमध एका दाताची जागा तशीच सुटलेली.

मेरीमला बोलावलं. आधी कबूलच होईना. मग म्हणाली, गाद्यांच्या चळतीवर चढून खाली काढला. मी म्हटलं, अगं, नान जाणारा माणूस चावतो, तू कुठे निघालीस? म्हणते कशी, “तिला आणायला.”

“कुणाला?”

“माझ्या आईला. इस्तंबूलच्या. मग शाळेच्या दिवसाला येईल.”

जीपार, अडीच वर्षं मी तिच्या वेण्या घातल्या, तिच्या उवा काढल्या, तिचा ताप अंगावर घेतला. मला ‘आई’ म्हणते म्हणून मी अख्ख्या गल्लीत ताठ मानेनं फिरते. आणि तिनं चावला तो तुझा नान. तुझाच. मी कुठे जाते म्हटलं तर ती चावेल का माझा? असा मत्सर मला मेरीमच्या बारशाच्या पुलावाच्या वेळीही झाला नव्हता.

आता माझंही ऐकून घे, कारण तुलाच तेवढी चोर म्हणून मी सुटणार नाही.

बूट मी बाजारातून आणले असं तिला सांगितलं. तुझी चिठ्ठी खोक्यात होती, ती तिला वाचून दाखवली नाही. चुलीत घातली.

आणि सासूबाईंना मी विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. ‘राहू दे तिला’ हे माझे शब्द. तू आलीस की पोरगी तुझी, आणि घर तर रिवाजानं धाकट्या मुलाचंच, म्हणजे आता तुझंच. मग मी आणि तुझे भावजी कोण? उद्या आम्ही मेंढ्यांबरोबर वरच्या झोपडीत, आणि रात्री कुशीत कुणी नाही. म्हणून तुझे दाखले त्याच दुपारी पाठवले. तुला वाटलं प्रेमानं.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता जोडा येतो. तर म्हणाल्या, “अडीच वर्षं मी रोज फाटकाकडे बघते, ते काय मेंढ्या मोजायला? ये म्हणावं तिला.” हे शब्द त्यांच्याच तोंडचे.

तेव्हा तूही खरं सांग. पासपोर्ट हरवला की हरवलास? आणि ये. पांढऱ्या कागदावर ये. नान मी परत टांगलाय. तू आलीस की रिवाजाप्रमाणे तू तो संपवायचा, मेरीमनं तिचा चावा संपवायचा. माझ्यासाठी एक घास ठेवशील का, ते तू ठरव. मी परत मागणार नाही.

बुरुल


इस्तंबूल, १५ ऑगस्ट

जाऊबाई,

साइराकानची भाची काल पत्र देऊन गेली. नेरीमान हानमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग दार लावून घेतलं. चिठ्ठी चुलीत घातलीत ते वाचून तुमची वेणी धरून ओढावीशी वाटली. पुढे वाचलं आणि मग माझीच मला ओढावीशी वाटली.

पासपोर्ट हरवला नाही. मीच टाकला.

त्या बुधवारी दुकानात फोन केला. मेरीमनं उचलला. “कोण?” म्हणाली. मी म्हटलं, “आई.” ती खळखळून हसली. म्हणाली, “आई तर गाईची धार काढतेय! तू इस्तंबूलची.” आणि फोन तसाच टाकून पळाली. तुम्हाला हाक मारत. ‘आई!’ ही हाक मी फोनमध्ये ऐकत राहिले, लांब लांब जाणारी. दुकानदारानं फोन ठेवेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बोटीवर लोक पक्ष्यांना पाव टाकत होते. माझ्या पिशवीत पाव नव्हता, पासपोर्ट होता. टाकला. एका पक्ष्यानं झेप घेतली, चोच लावली आणि थुंकून दिला. पोलिसांना पिशवी चोरल्याचं सांगितलं ते खोटं, तुम्हालाही खोटं.

तुम्ही विचाराल, यायचंच होतं तर सरळ तिकीट काढून यायचं. कसं येणार? पासपोर्ट हातात असता तर तुम्ही म्हणाला असतात, आणखी एक वर्ष. छपरानंतर गोठा, गोठ्यानंतर आणखी काही. धाकट्या सुनेच्या तोंडाला ‘नाही’ कुठून येणार? म्हटलं, सरकारनंच घरी धाडलं तर कुणाला बोल लावता येणार नाही. सासूबाई ‘ये’ म्हणतील याची मला खात्री होती. तुमचं पत्र आलं ‘राहू दे’, तेव्हा तीन दिवस जेवण गेलं नाही. सासूबाईंचा राग आला होता. चुकीच्या माणसावर धरला होता.

तुमचे दाखले मी एकदाही खिडकीत दिले नाहीत. पुसट शिक्का, तीन महिने, सगळं माझ्या मनचं. नारीनच्या उन्हाची लाज वाटते. तुम्ही तिथे उभ्या आहात हे डोळ्यासमोर आणून तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

आज सकाळी उजव्या खिडकीत गेले. चष्मेवाला मला बघून म्हणाला, “ताई, तीन महिने लागले इकडून तिकडे यायला? चार पावलं तर आहेत.” मी म्हटलं, माझी पावलं लहान आहेत.

फॉर्म भरला. नाव, गाव, परत कशासाठी जाताय. मग एक रकाना आला. मुलं किती, वय काय, सध्या कुणाजवळ. मी लिहिलं, ‘मेरीम, वय सहा, आईजवळ. आईचं नाव बुरुल.’ तुमचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. थोरल्या जाऊचं नाव घ्यायचं नाही म्हणून इतकी वर्षं तोंडात अडवलं होतं. लिहिताना हात जड झाला, आणि तो रिवाजामुळे नाही, हे तुम्हाला कळेल.

कारकुनानं वाचलं. “ताई, इथे चूक आहे. अर्जदार मुलीची कोण?”

“आई.”

“मग ही कोण?”

“आई.”

“अहो, रकान्यात एकच नाव बसतं.”

मी म्हटलं, “मग बारीक अक्षरात लिहा.” मागे रांगेतल्या बायका हसल्या. त्यानं चष्मा पुसला आणि शिक्का मारला.

कागद आठवड्यात मिळेल. तीस दिवस चालतो. २९ तारखेला बिश्केक, दुसऱ्या दिवशी बस, संध्याकाळी फाटकाशी. सासूबाईंना सांगा, बघत बसू देत.

पोरगी माझी आहे, यात फिरवाफिरव नाही. पण गाद्यांची चळत तुमच्या खोलीतच राहील, आणि तिला हवं तिथे ती झोपेल. मला रात्रभर डोळा लागणार नाही, ते मी बघून घेईन. वरच्या झोपडीचं परत बोललात तर बघा.

नान खाली काढा, पण दुधात भिजवू नका. मी आल्यावर तिघी मिळून भिजवू. पहिला घास मेरीमचा, दुसरा माझा, तिसरा तुमचा. तीनच होतील, मी मनात मोजून बघितलं.

एक तारखेला शाळेत जाताना तिचा उजवा हात माझ्या हातात. डावा तुमच्या. यावर वाद नको.

चंदेरी काठाच्या रिबिनी मी घेतल्या होत्या. परत दुकानात दिल्या. तुमच्याच बांधा. मला त्या फुलांसारख्या बांधता येत नाहीत, आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं.

जीपार